जुईचा नकाशा

ओट्यावरची वाटी घसरून खाली पडली आणि फरशीवर गरगरत राहिली. दुपारचे अडीच वाजले होते. इमारतीत इतकी शांतता होती की वरच्या मजल्यावरच्या पंख्याची कुरकुर आमच्याकडे ऐकू येत होती. मी धावत जाऊन वाटीवर हात ठेवला, आवाज दाबला आणि श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. जुई झोपलेलीच होती. कुशीवर, तोंड जरासं उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर.

मग आठवलं. तिच्या कानामागचं ऐकायचं बटण डबीत चार्ज होत होतं. वाटीच काय, अख्खी मांडणी कोसळली असती तरी ती उठली नसती. पाच वर्षांची झाली पोर, तरी माझे हात आधी धावतात आणि डोकं मागून येतं.

टेबलावर लॅपटॉप चालू होता. चालू म्हणजे आतला पंखा फिरत होता, सुरू होताना वाजतात ते दोन सूर नीट वाजले होते, कॅप्स लॉकचा दिवा लावला की लागत होता. फक्त पडद्यावर काही येत नव्हतं. काळा पडदा, आणि त्यात खिडकीचा चौकोन आणि माझा न विंचरलेला चेहरा. आज मंगळवार. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत त्या पडद्यावर काही दिसलं नाही, तर जुईचं तीन वर्षांचं ऐकणं पुसलं जाणार होतं.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी जरा मागून सांगते.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक वळणावळणाची नळी असते. तिच्यात हजारो बारीक केसपेशी. आवाज आला की त्या हलतात आणि खालच्या नसा मेंदूला निरोप धाडतात. जुईच्या त्या पेशी जन्मापासूनच नव्हत्या, नसा मात्र ठणठणीत होत्या. पूर्वी अशा मुलांच्या कानात वीस-बावीस तारांची टोकं बसवत. बोलणं कळे, पण गाणं लावलं की भांडी पडल्यासारखं वाटे. जुई दोन वर्षांची होईपर्यंत प्रकाशाची पद्धत आली होती. आधी एका इंजेक्शनमधून शेवाळातला एक जीन कानातल्या नसांत सोडायचा, म्हणजे त्या नसा उजेड ओळखू लागतात. मग शंखात केसासारखी बारीक पट्टी सरकवायची. तिच्यावर दोन हजार प्रकाशकण, कणाएवढे दिवेच. कानामागचं बटण आवाज टिपतं, त्याचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांप्रमाणे आतले कण लुकलुकतात. आपली मुलगी उजेड ऐकते, असं माझा नवरा हर्षद सगळ्यांना सांगायचा.

पण कोणता कण कोणत्या सुरासाठी, हे कारखान्यात बसून ठरवता येत नाही. प्रत्येक मुलाची नस वेगळी, तिचा मेंदूकडे जाणारा रस्ता वेगळा. ते मूल आणि यंत्र मिळून ठरवतात. दर चाळीस दिवसांनी जुई लॅपटॉपसमोर बसते. लॅपटॉप थेट तिच्या बटणाला एक शब्द पाठवतो. तो मला ऐकूसुद्धा येत नाही. पडद्यावर चार चित्रं येतात, जुईने ऐकलेल्या चित्रावर बोट ठेवायचं. उत्तर बरोबर की चूक, किती वेळ लागला, यावरून यंत्र कणांची मांडणी जराशी सरकवतं. याला मॅपिंग म्हणतात आणि त्यातून जो बनतो तो नकाशा. तीन वर्षांत सत्तावीस बैठका झाल्या होत्या. त्या नकाशातूनच जुईला मी आई वाटते.

हा नकाशा बटणात चाळीस दिवस टिकतो. वाढत्या वयात नसा बदलत राहतात, जुन्या मांडणीने एखाद्या ठिकाणी फाजील उजेड पडला तर नस भाजू शकते, म्हणून तसा नियमच केलेला. चाळिसाव्या दिवशी नवी बैठक झाली नाही तर बटण आपोआप कारखान्यातल्या मूळ मांडणीवर जातं, आणि मुदत संपलेला नकाशा पुन्हा कधी स्वीकारत नाही. बटणाबाहेर नकाशा फक्त या लॅपटॉपमध्ये होता, दुसऱ्या कुठल्या यंत्रात तो उघडत नाही, आणि तिसरी प्रत कुठेही नव्हती. फॉर्मवर विचारलं होतं, प्रत कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची का. माझ्या लेकीच्या मेंदूची प्रत परक्या देशात कशाला, म्हणून मी 'नाही'वर खूण केली होती. अशा मुलांच्या आमच्या गटातल्या सगळ्याच आयांनी केली होती. गेल्या वर्षी ती कंपनीच बंद पडली. पट्टी कानात, बटण कानामागे, लॅपटॉप घरात, आणि फोन उचलायला कुणी नाही.

आणि लॅपटॉपचा पडदा माझ्या हातून गेला.

माहेरी वडील शिंपीकाम करायचे. खंडेनवमीला मशीन पुसून तेलपाणी करून पाटावर बसवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दिवाळीचे कपडे कितीही अडले तरी त्या दिवशी मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. पूजेला बसलेल्या हत्याराला त्या दिवशी काम सांगायचं नाही. लग्नानंतर मिरजेत आल्यावर मी हे कधी केलं नाही. हर्षदची पान्यांची पेटी आणि माझा मिक्सर, कशाची पूजा करायची, असं वाटायचं.

या वर्षी केली. त्याचं कारण आदल्या आठवड्यातलं. जुई पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. मी स्वयंपाकघराच्या दारातून, अगदी पुटपुटल्यासारखं, स्वतःशीच म्हणाले की आज शिरा करावा. ओठ दिसत नव्हते, आवाज म्हणण्याजोगा आवाज नव्हता. तिने मान वळवली आणि म्हणाली, "बेदाणे घाल."

मी दारातच खाली बसले. त्या बेदाण्यांसाठी कुणापुढे तरी हात जोडायला हवे होते.

म्हणून रविवारी पाट मांडला, रांगोळी काढली. मिक्सर, इस्त्री, पान्यांची पेटी आणि मधोमध लॅपटॉप. झाकण मिटून ठेवला तर झोपल्यासारखा दिसेल, म्हणून उघडून ठेवला. ओल्या हळदीचं बोट पडद्याच्या कडेला लावलं. झेंडू तांब्यात बुडवून पाणी शिंपडलं आणि तेच ओलं फूल पडदा आणि कीबोर्डच्या मधल्या बिजागरीवर ठेवलं, कारण तिथे ते छान बसत होतं. फोटो काढून हर्षदला पाठवला. आणि रीत म्हणून दिवसभर, रात्रभर, त्याला हात लावला नाही. पाणी थेंबाथेंबाने आत उतरत असणार. मला वाटत होतं, मी त्याला विश्रांती देतेय.

दसऱ्याला सकाळी जुईने मला सोनं दिलं, मी तिला दिलं, आणि नव्या दिवसाचं पहिलं काम म्हणून मी लॅपटॉपचं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला.

हर्षद समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम करतो, गुजरातच्या किनाऱ्यापासून बराच आत. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. संध्याकाळी सातला अर्धा तास त्याला फोन मिळतो. पडदा चालत नाही एवढंच मी सांगितलं. त्याने एकेक करून पाहायला लावलं. चार्जर काढ, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर, परत लाव. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मार, आत पुसट काही दिसतं का बघ. काही दिसलं नाही. टीव्हीची वायर लाव. टीव्ही म्हणाला सिग्नल नाही. हे वैद्यकीय यंत्र, दुसऱ्या कुठल्या पडद्यावर मुलाची माहिती जाऊ नये म्हणून ते दार कारखान्यातच बंद केलेलं. मग त्याने विचारलं की कुठे पाणीबिणी सांडलं होतं का. मी नाही म्हणाले.

का म्हणाले, कोण जाणे. दहा मिनिटांनी फोन परत वाजला.

"शलाका, फोटो मोठा करून पाहिला," तो म्हणाला. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. "फूल बिजागरीवर आहे."

मी हो म्हणाले.

 तो म्हणाला, "इथे सगळ्यांना दाखवला होता गं तो फोटो."

रागावला असता तर मी उलटून काहीतरी बोलले असते. त्याने जुई जेवली का विचारलं. समुद्र खवळलेला होता, शनिवारच्या आत बोट सुटणार नव्हती, आणि सुटली असती तरी तो येऊन काय करणार होता. हे दोघांनाही कळत होतं, म्हणून कुणी ते काढलं नाही. त्या दिवसापासून तो फोनवर मला न विचारता जुईशीच बोलत राहिला. तिला समोर बसवून, उगाच लांबलचक, वारा कसा मोजतात आणि डॉल्फिन कुठे दिसले ते. आपला आवाज तिच्यात साठवून ठेवत असल्यासारखा.

पुण्याच्या केतकी मॅडम जुईला पहिल्यापासून तपासतात. त्यांना मी बुधवारी सकाळी गाठलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या मुलाचा नकाशा वापरता येतो का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की दुसऱ्याच्या चष्म्याने निदान धूसर तरी दिसतं, इथे तेही नाही. नव्या यंत्रणेवर नव्याने सुरुवात करता येईल, लहान आहे, वर्ष-दीड वर्षात मेंदू पुन्हा जुळवून घेईल.

"ऐकू येणं जाणार नाही, शलाका," त्या म्हणाल्या. "ओळख जाईल."

मी विचारलं की तिला आत्ता माझा आवाज नक्की कसा ऐकू येतो. आपल्याला येतो तसाच का? मॅडम म्हणाल्या, हे कुणालाच सांगता येत नाही. यंत्र शब्दापर्यंत पोहोचवतं. पुढे तिने आत काय रचलंय, ते तिचं तिलाच.

यासीनभाईंचं नाव मला आमच्या इमारतीतल्या काकूंनी दिलं. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. आजोबा-वडील तंबोरे करायचे, हे लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतात. भिंतीवर एक तंबोरा टांगलेला, आणि खाली भिंगाच्या दिव्याखाली त्यांची डाग देण्याची बारीक सुई. साठीचे असतील. जुईला स्टुलावर बसवून त्यांनी आधी लॅपटॉप कानाला लावला. खरंच कानाला. आतला पंखा ऐकला.

मग मागचं झाकण उघडलं. बिजागरीपाशी पडद्याकडे जाणारी जी चपटी वायर असते तिचं टोक पिवळं झालेलं होतं. त्यांनी कापसाने पुसून वास घेतला.

"हळद हाय," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं आणि नजर परत कामात घातली. "कुणाचा हात लागला ते इचारत न्हाई मी, ताई. नवमीनंतर दर साली चार येत्यात असली."

त्यांनी स्पिरिट लावून मऊ ब्रशाने सगळं धुतलं, रॅम काढून पुसून बसवली, वायर बदलली. पंखा फिरला, सूर वाजले, पडदा काळा.  पाण्यात हळद नसती तर कदाचित सुकून गेलं असतं, असं ते म्हणाले. हळदीचा लगदा धरून बसतो, त्यात ओल राहते, आणि वीज सोडली की तांबं खातं. पडदा नवाच घालावा लागेल. त्याच जातीचा एक त्यांच्या ओळखीच्याकडे कोल्हापुरात होता, गुरुवारी मागवतो म्हणाले.

निघताना जुई भिंतीवरच्या तंबोऱ्याखाली उभी राहिली. यासीनभाईंनी तो खाली काढला, मांडीवर आडवा घेतला आणि चारही तारा सावकाश छेडल्या. जुईचे डोळे मोठे झाले.

"मधमाशी आहे आत," ती म्हणाली. "नाही. मधमाश्यांची आई आहे."

यासीनभाई इतके हसले की त्यांचा चष्मा घसरला. मग तिला तारेखालची हाडाची घोडी दाखवत म्हणाले, ही मधमाशी हितं राहती. घोडीचा माथा कानशीनं घासत घासत असा करायचा की तार नुसती वाजायची न्हाई, बोलायला लागती. ह्याला जवारी म्हणायचं. माझ्या अब्बांनी काढलेली जवारी हाय ही. एक केसभर जास्त घासलं तर तंबोरा वाजतो, पर त्यो तंबोरा ऱ्हात न्हाई.

जुईने परत वाजवायला लावलं. सात-आठ वेळा. मी तिथे उभी राहून, पुढच्या आठवड्यात याचं काय होईल हे न मोजायचा प्रयत्न करत होते.

गुरुवारी संध्याकाळी नवा पडदा लागला आणि उजळला. मी इतकी जोरात रडले की जुई घाबरून मला बिलगली. पण यासीनभाई हसले नव्हते. पडद्यावर चित्र नव्हतं, पांढऱ्यावर काळी इंग्रजी एक ओळ होती. त्यांनी ती मला वाचायला सांगितली. हा पडदा या यंत्राचा नाही, मंजुरीसाठी कंपनीशी संपर्क साधावा.

असं असतं म्हणे आता. पडद्याच्या पाठीवर तांदळाएवढी एक चिप असते, तिच्यात त्या पडद्याची ओळख. पडदा सापडला की यंत्र आधी ती ओळख बघतं आणि मगच पुढे जातं. चोरीचे भाग वापरू नयेत म्हणून केलेली सोय. कंपनी असती तर दोन मिनिटांत मंजुरी मिळाली असती. आता एकच रस्ता होता, जुन्या पडद्याची चिप उचलून नव्यावर बसवायची. ते म्हणाले, हात थंड पाहिजे, उद्या करतो.

शुक्रवारी नमाजनंतर ते बसले. मी आणि जुई समोर. त्यांनी आम्हाला बोलू दिलं नाही, पंखासुद्धा बंद केला. भिंगाखाली ती चिप उचलायला पाऊण तास लागला. उचलली, उलटी केली, आणि ते तसेच थांबले. मग भिंग माझ्याकडे वळवलं. चिपच्या खालचे आठ पाय असायला हवे होते तिथे तीन होते. बाकीच्यांच्या जागी हिरवट-पिवळी भुकटी.

"ताई, मशीन जित्तं हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरीचं समदं आत हाय. नुसतं डोळं गेल्यात त्याचं."

ते वाक्य घेऊन मी घरी आले. जित्तं आहे. आत आहे. भात लावताना, जुईची वेणी घालताना मला तेच ऐकू येत होतं. परका पडदा सापडला की यंत्र अडत होतं; मेलेला जुना पडदा लावला तर त्याला तपासायला काही सापडतच नव्हतं, ते पुढे जात होतं, फक्त दिसत नव्हतं. आणि कीबोर्ड चालत होता. सत्तावीस वेळा मी ही बैठक सुरू केली होती. पासवर्ड, एंटर, खालचा बाण दोनदा, एंटर, परत एंटर. हे माझ्या बोटांना पाठ होतं. न बघता बैठक घेतली तर? शनिवारी सकाळी यासीनभाईंनी जुना पडदा परत जोडून दिला. मी काय करणार ते ऐकून त्यांनी मान हलवली. डोळे झाकून कानस मारण्यातला प्रकार आहे, बघा, असं काहीसं म्हणाले. केतकी मॅडमना मी फोन केला नाही. त्या नको म्हणाल्या असत्या.

बारा वाजता जुईला समोर बसवलं. तिला गंमत वाटत होती, काळ्या टीव्हीचा खेळ. मी पासवर्ड टाकला. सूर वाजला, म्हणजे आत गेले. बाण, बाण, एंटर, एंटर. तिच्या कानामागचा हिरवा ठिपका निळा झाला. लॅपटॉप आणि बटण एकमेकांशी बोलू लागले होते. मला हसू येत होतं.

"मासा," जुई म्हणाली.

तिला मासा ऐकू आला होता. त्या काळ्या काचेत कुठेतरी, चार कोपऱ्यांपैकी एकात, मासा होता. चित्रांच्या जागा दर वेळी बदलतात. जुईचं बोट काचेसमोर फिरत होतं आणि तिला ठेवायला जागा सापडत नव्हती. मी बाणांनी एक कोपरा निवडायचा, चारातला एक. मी डोळे मिटून वरचा डावा निवडला आणि एंटर दाबला. यंत्राला काय कळलं असेल? बरोबर असेल तर ठीक. चूक असेल तर हिला मासा म्हटलं की ससा ऐकू येतो, असं समजून ते कण सरकवायला घेणार.

पुढचा शब्द आला. जुई म्हणाली, "पान." मी थांबले. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तरच न दिलेलं बरं, असं वाटलं. वीस सेकंद गेले. मग जुईचे खांदे एकदम वर झाले.

"मोठ्ठं झालं, आई."

उत्तर नाही म्हणजे ऐकू आलं नाही, म्हणून यंत्राने उजेड वाढवला होता. ते मी विसरले होते. पडद्यावर त्याची पट्टी चढताना दिसते, म्हणून कधी लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. मी घाईघाईने कोणता तरी कोपरा दाबला. तिसरा शब्द. ती म्हणाली "दार", मी दाबला. चौथा. तिने शब्द सांगितला नाही. तोंड वाकडं केलं आणि कानावर हात ठेवला.

"टोचतंय."

असे साठ शब्द असतात. मी थांबले तर अर्धवट बैठक यंत्र धरत नाही, सहाला नकाशा जाणार. चालू ठेवली तर अठ्ठाविसावा नकाशा बनणार, माझ्या अंदाजांचा, आणि तोवर तिची नस त्या उजेडात. छप्पन्न शब्द उरले होते. जुई माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती. तिला वाटत होतं की हा पण खेळच आहे आणि आईला माहीत आहे किती वेळ टोचून घ्यायचं ते.

मी तिच्या कानामागचं बटण ओढून काढलं.

दहा मिनिटं तिला मांडीवर घेऊन बसले. मग बटण परत लावलं, ठिपका हिरवा होता, आणि विचारलं की आईचा आवाज नीट येतोय का. ती म्हणाली, येतोय की. सव्वाबारा वाजले होते.

पावणेसहा तास आपल्या आवाजात लेकीशी काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगितली, मग माझ्या. भरवताना भाजीचं नाव चारचारदा घेतलं. ती कंटाळली, बाहुली घेऊन गॅलरीत गेली, मी मागोमाग गेले आणि बाहुलीशीही बोलले. हर्षदला निरोप पाठवला, त्याने कुणाचा तरी वेळ मागून घेऊन तीनला फोन केला. त्याला शब्द सुचेनात, तो आकडेच म्हणत राहिला, एकपासून पन्नासपर्यंत, आणि जुई त्याच्याबरोबर म्हणत राहिली. चारला तिचे डोळे मिटायला लागले. जागं ठेवायला म्हणून गुदगुल्या केल्या, तोंडावर पाणी फिरवलं, खाऊ दाखवला. लहान मुलाला झोप आली की येते.

मी बटण काढलं नाही. तशीच कुशीवर निजवली, बटण वर येईल अशी. आणि तिच्याजवळ आडवी होऊन बोलत राहिले. हळू, तिची झोप मोडणार नाही इतपत. काय बोलले ते नीट आठवत नाही. बरंचसं तिचं नावच होतं. सहाला कानामागचा ठिपका दोनदा पिवळा झाला आणि परत हिरवा झाला. जुई हललीसुद्धा नाही.

केतकी मॅडमना नंतर सगळं सांगितलं. थांबलात ते बरोबरच केलंत, आणखी दहा मिनिटांत नस कायमची दुखावली असती, असं त्या म्हणाल्या. मला कुणीतरी रागावायला हवं होतं. हर्षदची आई फोनवर इतकंच म्हणाली की देवाच्या मनात काय असतं, आणि मी फोन ठेवून दिला.

पहिले चार दिवस जुई उठली की बटण काढून माझ्या हातात द्यायची. बंद कर, म्हणायची. जबरदस्तीने लावलं की भिंतीकडे तोंड करून बसायची. मी हाक मारली की दचकायची, मग वळून माझ्या ओठांकडे बघायची आणि चेहरा पाहिल्यावर सैल पडायची. आवाज घाबरवत होता, चेहरा समजूत घालत होता. दोन्ही माझेच. पाचव्या दिवशी तिने 'पाणी' ओळखलं. पुण्याहून नवी यंत्रणा आली, नवा लॅपटॉप, पहिली बैठक झाली. सगळे स्टीलचे बोलतात, असं तिने मॅडमना सांगितलं. आई, बाबा, कुकर, सगळे.

यासीनभाईंकडे तिला परत नेलं नाही. तेच एकदा रस्त्यात भेटले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न विचारता पुढे गेले.

हर्षद आला तेव्हा ती त्याच्याकडे धावत गेली. त्याने "जुईताई" म्हटल्यावर मात्र जराशी मागे सरकली. रात्री न जेवता तो बराच वेळ आंघोळ करत राहिला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला काहीतरी सुचलं होतं. आपल्याकडे जुने व्हिडिओ आहेत, शलाका, तो म्हणाला. खंडेनवमीच्या आधीचे. त्यांत तुझा आवाज आहे, तोच, जसाच्या तसा. मला माहीत होतं त्यात काय चूक आहे ते, ऐकणारा नकाशाच गेला होता. त्यालाही माहीत असणार, यंत्रांतला माणूस तो. पण तो इतक्या उत्साहाने फोन शोधत होता की मीच त्याला तो शोधून दिला.

त्याने जुईच्या चौथ्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. त्यात मी तिला औक्षण करताना गाणं म्हणतेय, बेसूर, मध्येच हसतेय. जुई त्याच्या मांडीवर बसली. आईला बघून तिचा चेहरा उजळला, ती पुढे झुकली, कान फोनजवळ नेला. मग हळूहळू मागे आली.

"ही पण स्टीलची," ती म्हणाली.

हर्षदने आवाज वाढवला. दुसरा व्हिडिओ लावला. मग तिसरा. जुईने त्याच्या हातातला फोन काढून पालथा ठेवला, मांडीवरून उतरली आणि माझ्याकडे आली. माझ्या गळ्यावर तळहात ठेवला, बोलताना तिथे काय हलतं ते बघायला ठेवते तसा. मी काहीच बोलत नव्हते. 

"आई," तिने विचारलं, "आधी तुझा आवाज कसा होता?"